एसटीच्या आधी धावलेल्या घरच्या मोटारींचा इतिहास पण लिहा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

एसटीच्या इतिहासावरची तुमची पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. 1 जून 1948 ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची, लक्ष्मण केवटे पहिले कंडक्टर, हे सगळं छान दिलंय, लेकरांना वाचून दाखवण्यासारखं आहे. पण त्यातच एका ठिकाणी असं छापलंय की एसटी यायच्या आधी मराठवाड्यातल्या खेड्यात बैलगाडी आणि पाय सोडून दुसरं काही साधनच नव्हतं. तिथं मी अडकले. कारण ज्या घरात मी सून म्हणून आले त्या घराची स्वतःची सर्व्हिस मोटार होती आणि ती एसटीच्या कितीतरी आधी आमच्या भूम भागातनं बार्शीला माणसं नेत होती. आणि आमचंच एक घर असं नव्हतं, प्रत्येक बाजारपेठेच्या गावात असं एखादं मोटारवाल्यांचं घर असायचं, आज त्या घरांच्या नातवंडांना सुद्धा नीट माहीत नाही म्हणून हे पत्र.

आधी तारखेचं बोलते. 1 जून 1948 ही पुण्या-मुंबईकडच्या एसटीची तारीख आहे, आपली नाही. त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आपल्याकडं तर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि आपण मोकळे झालो ते 17 सप्टेंबरला. आपल्याकडच्या सरकारी बसची सुरुवात वेगळीच आहे. निजामाच्या रेल्वेनं 1932 च्या जूनमधे रस्ता वाहतुकीचं खातं काढलं, 27 बस आणि 166 माणसं एवढ्यावर. पुढं तेच आरटीडी, म्हणजे रोड ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट, म्हणून ओळखलं जायचं. त्या गाड्यांच्या नंबरात शेवटी झेड असायचा, तो निजामाच्या आईच्या नावावरनं घेतला असं जुनी माणसं सांगतात. 1951 ला ते खातं रेल्वेकडनं हैदराबाद सरकारकडं गेलं, 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, पण आपली बस तरी लगेच महामंडळात गेली नाही, ती मराठवाडा स्टेट ट्रान्सपोर्ट म्हणून वेगळी चालली आणि 1961 ला महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली. म्हणजे आपल्याकडची लालपरी ही दोन घरची आहे. हे पुरवणीत एक ओळ सुद्धा नाही, मराठवाड्याच्या आवृत्तीत तरी पाहिजे होतं की नाही.

आता मोटारींचं. निजामाची बस रेल्वेचीच असल्यामुळं तिचा ओढा मोठ्या रस्त्यांकडं आणि स्टेशनाकडं. आतली गावं, कच्चे रस्ते, ओढ्यातनं जाणारे, पावसाळ्यात बंद होणारे, ते राहिले खाजगी मोटारवाल्यांकडं. आमचे आजेसासरे, त्यांना सगळे दादा म्हणायचे, ते मूळचे गाडीवान. बैलगाड्या भाड्यानं लावायचे, भुसार माल बार्शीला पोचवायचा. बार्शी म्हणजे त्या वेळची मोठी अडत पेठ, आणि तिथनं बार्शी लाईटची छोटी रेल्वे, 1911 पासनं लातूरपर्यंत जाणारी. दादांनी बघितलं की माल तर जातोच पण मालाबरोबर माणसं पण जायला बघतात, मग त्यांनी एक जुनी शेवरलेट लॉरी घेतली, सुताराकडनं तिच्यावर लाकडी बॉडी चढवली, लांबीनं दोन बाकं टाकली, वर टप केला आणि झाली मोटार तयार. डायव्हरशेजारच्या फ्रंट सीटला जास्त पैसे. टपावर खव्याच्या पाट्या, भूम भागातला खवा तेव्हा पण नाव कमावून होता. कोंबड्या, भाजी, आजारी माणसाची बाज सुद्धा टपावर बांधून नेलेली आहे. डायव्हर दादांचा चुलतभाऊ, किन्नर म्हणजे क्लीनर गावातलाच पोरगा, मेस्त्री बार्शीचा, आणि बाकी सगळं घर.

हे "बाकी सगळं घर" मला मुद्दाम लिहायचंय. मोटारीचा इतिहास म्हटलं की मालक आणि डायव्हर एवढंच येतं. आमच्या आजेसासूबाई, बाई म्हणायचो आम्ही, त्या मला मोटारीच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी नवीन लग्न होऊन आलेली, भाकरी थापताना ऐकायचे. पहाटे डायव्हर-किन्नरच्या भाकरी बाई करायच्या, रात्री गाडी आली की त्यांची जेवणं बाई वाढायच्या, गाडी बिघडली तर अर्ध्या रात्री कुणाला तरी कंदील देऊन पाठवायचं ते पण बाईच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हिशोब. बार्शी इंग्रजाच्या राज्यात आणि आमचं गाव निजामाच्या, मग तिकीटाचे पैसे दोन प्रकारचे यायचे, इंग्रजाचे कलदार आणि निजामाचे हाली. सात हालीला सहा कलदार असा भाव. बाईंना अक्षर येत नव्हतं. रात्री सगळे बसले की घोंगडी अंथरून त्यावर किन्नरची पिशवी उलटी करायची, राजाच्या तोंडाचं नाणं उजवीकडं, चारमिनारचं डावीकडं, आण्यांच्या चवडी वेगळ्या, आणि मग तोंडानं हिशोब, की एवढ्या चारमिनारचे एवढे राजा. दादा वहीत नंतर लिहायचे, पण आकडा बाईंचा. पेट्रोल बार्शीत कलदारवर मिळायचं म्हणून कलदारची थैली वेगळी बांधून ठेवायची, तिला घरात कुणी हात लावायचा नाही. आज कुठल्या मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवतात ते काम ती बाई चुलीसमोर बसून करत होती, आणि तिचं नाव कुठल्या परवान्यावर नाही.

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जाताना गाडी थांबायची, सगळी माणसं खाली, गाठोडी सोडायची, कापड किती, तेल किती, जकात भरायची मग पुढं. आज भूमहून बार्शीला जाताना कुणाला कळतं का की इथं कधीकाळी दोन देशांसारखी हद्द होती. लगनसराईत तर नाक्यावर बस्त्याची गाठोडी सोडायला लागायची, नवरीचं लुगडं नाक्यावरच्या शिपायानं उलगडून बघितलं म्हणून एका वरबापानं तिथंच भांडण मांडल्याचं बाई सांगायच्या, वऱ्हाड ताटकळलं आणि लग्नाचा मुहूर्त टळला.

मग लढाई आली, दुसरं महायुद्ध. पेट्रोल रेशनवर गेलं आणि मोटारी कोळशावर आल्या. हे आता सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत, पण खरं आहे, भारतभर अशा मोटारी चालल्या. गाडीच्या मागं लोखंडी टाकीसारखी भट्टी बसवायची, त्यात लाकडी कोळसा भरायचा, आमच्याकडं बाभळीचा, पेटवून खालनं हातानं पंखा फिरवायचा, बराच वेळ फिरवल्यावर भट्टीतनं गॅस सुटायला लागायचा, तो नळीला पेटवून बघायचा, ज्योत नीट धरली की मगच नळी इंजिनाला जोडायची आणि पुढनं हँडल मारायचं. म्हणजे सकाळची गाडी असली की किन्नरला कोंबडं आरवायच्या आधी उठायला लागायचं, तोंड काळं, डोळे लाल. त्या गॅसवर इंजिनाला ताकद कमी. आमचा बालाघाटाचा भाग, चढ आला की गडी माणसांनी उतरायचं आणि चालत वर जायचं, बाया-लेकरं आत, आणि लईच अडलं तर मागनं ढकलायचं. तरी लोक बसायचे, कारण बैलगाडीला जिथं दिवस जायचा तिथं मोटार दुपारपर्यंत पोचवायची आणि दवाखाना, कोर्ट, बाजार उरकून रात्री घरी येता यायचं.

1947-48 चं तर कुणीतरी बसून लिहायलाच पाहिजे. बार्शीच्या बाजूनं हद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, हे मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकात येतं. पण आपल्या गावातनं निघून बार्शीला, सोलापूरला गेलेली घरंच्या घरं कशानं गेली? कुणी चालत, कुणी बैलगाडीनं आणि कुणी मोटारीनं. बाई सांगायच्या की दादांनी त्या दिवसात कितीतरी घरातली बाया-लेकरं पैसे न घेता पलीकडं पोचवली, आणि एकदा गाडी अडवली गेली तेव्हा डायव्हरनं मार खाल्ला पण आत कोण बसलंय ते सांगितलं नाही. याला कागद नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत मोटारीचा डायव्हर कुठं असतो. तो डायव्हर म्हणजे दादांचा चुलतभाऊ, वारला तेव्हा गावानं शाळा सोडली होती एवढंच.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर घरचं कौतुक केल्यासारखं होईल. खाजगी मोटारीत चांगलंच होतं असं अजिबात नाही. भरल्याशिवाय गाडी हलायची नाही, तास तास बसून राहायचं. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा असली, तुळजापूरचं नवरात्र असलं की मोटारवाले भाडं वाढवायचे, कुठं किती घ्यायचं हे मालकाच्या मनावर. किन्नरला पगार म्हणजे जेवण आणि दसऱ्याला कपडे. आणि दलित समाजाच्या माणसांना आत बाकावर बसू न देणाऱ्या, टपावर नाहीतर मागं उभं करणाऱ्या मोटारी आपल्याकडं होत्या. आमच्या मोटारीत काय व्हायचं हे मी बाईंना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, विषय बदलला, त्यावरनं मी काय समजायचं ते समजले. एसटीनं हे मोडलं. तिकीट फाडलं की सीट तुझी, जात विचारायची नाही, भाडं बोर्डावर लिहिलेलं, गाडीत दोन माणसं असली तरी टायमाला सुटणार. म्हणून मोटारी जाऊन एसटी आली हे चांगलंच झालं असं माझं स्पष्ट मत आहे आणि घरात यावरनं माझे वाद पण झालेत.

पण आली कशी हे लोकांना माहीत पाहिजे. 1950 ला रस्ता वाहतूक महामंडळाचा कायदा झाला. देशभर मोटारमालक कोर्टात गेले, उत्तर प्रदेशातले मोटारमालक हायकोर्टात जिंकले पण, कोर्ट म्हणालं की सरकारला असा एकट्यानं धंदा ताब्यात घेता येणार नाही, मग 1951 ला घटनेची पहिलीच दुरुस्ती झाली त्यात सरकारला तशी मुभा देणारा भाग घातला. पुढं 1956 ला मोटार वाहन कायद्यात राष्ट्रीयीकरणाचं वेगळं प्रकरणच आलं. म्हणजे बघा, आपल्या घटनेची पहिली दुरुस्ती सगळ्यांना माहीत असते ती भाषण स्वातंत्र्य आणि जमीनदारीसाठी, पण त्यात या मोटारींचा पण वाटा आहे. दादा कोर्टात गेले नाहीत, तेवढा पैसा नव्हता. आधी बार्शीकडचा पल्ला गेला, मग राहिलेल्या रस्त्याच्या परवान्याची मुदत संपली ती परत वाढवून मिळाली नाही. गाडीला तेव्हा नुकतंच डिझेलचं पर्किन्स इंजिन बसवलं होतं, कर्ज काढून. गाडी विकली, इंजिन वेगळं विकलं, ते कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीला लागलं. किन्नर मात्र एसटीत लागला, पुढं डायव्हर झाला, खाकी ड्रेस, पगार, पीएफ, पोरं शिकली. तो सणाला बाईंच्या पाया पडायला यायचा आणि म्हणायचा, "बाई, हँडल मारायला तुमच्या दारात शिकलो." एसटीच्या पहिल्या पिढीतले कितीतरी डायव्हर, मेस्त्री असे या घरच्या मोटारींवर तयार झालेले होते, ही गोष्ट महामंडळाच्या इतिहासात यायलाच पाहिजे.

कर्नाटकात मंगळूर-उडुपीकडं जाऊन बघा, तिथं खाजगी घराण्यांच्या बस अजून गावोगाव चालतात, कॅनरा पब्लिक कन्व्हेयन्स म्हणजे सीपीसी कंपनी 1914 ची. टीव्हीएसवाल्यांचं एवढं मोठं साम्राज्य, त्याची सुरुवात पण मदुराईकडच्या बस सर्व्हिसनंच झाली. त्यांचा इतिहास लिहिला जातो कारण कंपन्या राहिल्या. आपल्याकडच्या गेल्या, म्हणून लिहायला कुणी मागं उरलं नाही. टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत माणसं चढवायची-उतरवायची, ही आपल्याकडं एसटीची, खाजगीला फक्त कंत्राटी परवाना, इथनं सगळे एकदम घ्या आणि तिथं उतरवा. म्हणून आज खाजगी ट्रॅव्हल्स पुण्या-मुंबईला रांगेनं जातात पण भूमहून आतल्या वाडीला जायला एकही नाही. तिथं एसटी आली तर आली, नाहीतर काळी-पिवळी. काळी-पिवळीवाल्यानं स्टँडच्या 200 मीटरात माणसं घ्यायची नाहीत, पण एसटीची मुक्कामी गाडी बंद झालेली, मग दहावीच्या पोरीनं जायचं कशानं. मानव विकास योजनेच्या, शाळेतल्या पोरींसाठीच्या निळ्या गाड्या जिथं येतात तिथं पोरी शाळेत टिकल्या हे मी स्वतः बघितलंय. बायांना अर्धं तिकीट झालं, पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट झालं, हे फार चांगलं झालं, पण गावात गाडीच येत नसली तर अर्धं कशाचं करणार. आणि 2021 च्या दिवाळीपासनं एसटीचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा सरकारनंच खाजगी गाड्यांना माणसं न्यायला परवानगी दिली. माझा पुतण्या त्या दिवसात जीप घेऊन रोज फेऱ्या मारायचा, म्हातारी माणसं त्याला दादांच्या नावानं हाक मारायची.

तर माझी विनंती अशी आहे. आपल्या पेपरात आठवड्याला एक छोटी जागा द्या आणि मराठवाड्यातल्या जुन्या मोटारवाल्या घरांना आवाहन करा की तुमच्याकडं जे असेल ते द्या. परवाने, तिकीट पुस्तकं, पेट्रोलचे रेशन कार्ड, दसऱ्याला हार घालून मोटारीसमोर काढलेला फोटो, हद्दीच्या नाक्याच्या पावत्या. घरं पाडून स्लॅब टाकतात तेव्हा हे सगळं पहिल्यांदा भंगारात जातं. आणि फक्त मालकांचं नको, किन्नर, मेस्त्री, बॉडी बांधणारे सुतार, टपावर बसलेली माणसं यांच्या घरातनं पण मागवा, टपावर बसवलेल्यांच्या आठवणी तर सगळ्यात आधी. त्या काळात मोटारीवर काम केलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास असणार, आणखी थांबलो तर विचारायला कुणी राहणार नाही.

एक अडचण आहे, निजामाच्या वेळचे बरेच कागद उर्दूत आहेत आणि किर्दी मोडीत. आमच्या घरात ते कुणालाच वाचता येत नाहीत, दादांना दोन्ही यायचं, त्यांच्या पोरांना नाही. आपल्याकडं उर्दू शाळांचे शिक्षक आहेत, मोडीचे वर्ग घेणारी मंडळी आहेत, संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठात इतिहासाची पोरं एमए करतात, त्यांना हे काम दिलं तर एकेका तालुक्याचा प्रबंध होईल. धाराशिव जिल्ह्यापुरतं म्हणाल तर मी माझ्या ओळखीच्या घरांकडं जाऊन विचारायला तयार आहे, सुट्टीच्या दिवशी कुणी पोरगं फोन घेऊन बरोबर आलं रेकॉर्ड करायला तर उत्तमच.

आमच्याकडं दादांचा एक उर्दू परवाना आणि बाईंच्या हिशोबाच्या वहीची काही पानं राहिली आहेत. मूळ कागद मी देणार नाही, घरातले नाराज होतील, पण झेरॉक्स आणि मोबाईलवर काढलेले फोटो आपल्या कार्यालयात कुणाकडं पाठवायचे ते कळवा. परवाना वाचून देणारं कुणी मिळालं तर त्यावर मोटारीचा नंबर काय आहे तेवढं आधी सांगा, सासरे जायच्या आधी तेच विचारत होते.

आपली एक वाचक,
ता. भूम, जि. धाराशिव